कॉर्व्हेअर इंजिन आणि बॅटरीची जागा: माझा अनुभव

मी इलिनॉयमध्ये राहतो. इथल्या एका छोट्या विमानतळावरच्या हँगरमध्ये झेनिथ सीएच ७५० हे दोन आसनी विमान बांधलं. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं, तर विमान 'एक्सपेरिमेंटल' म्हणून नोंदवता येतं आणि त्यात मोटारीचं इंजिनही चालतं. मी शेवरले कॉर्व्हेअरचं सहा सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन निवडलं. गाडी १९६९ साली बंद झाली, पण हे इंजिन मध्ये गिअरबॉक्स न घालता थेट प्रोपेलर फिरवतं, म्हणून आजही बांधणाऱ्यांचं लाडकं आहे.

प्रश्न वजनाचा. सगळ्या साहित्यासह ते सव्वादोनशे पौंडांच्या आसपास जातं; अशा छोट्या विमानांत सर्रास दिसणारं रोटॅक्स ९१२ इंजिन त्याहून बरंच हलकं. इंजिन नाकात बसतं, आणि नाक जड असलं तर उतरताना स्टिक (विमान वर-खाली वळवायचा दांडा) पूर्ण ओढूनही नाक हवं तेवढं उचलत नाही. शेपूट जड झाली तर आणखी वाईट: विमान अस्थिर होतं, स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल अचानक तुटली तर त्यातून, सावरणं कठीण जातं. हा तोल बॅटरी पुढे-मागे करून साधता येतो, म्हणून प्रत्यक्ष वजन करेपर्यंत बॅटरीची जागा मी ठरवलीच नाही. नव्या बांधणाऱ्यांना कळकळीने सांगतो, इंजिन वेगळं घेतलंत तर ड्रॉइंगमध्ये बॅटरी तिथे दिसते म्हणून फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) आधीच भोकं पाडू नका.

तीन चाकांखाली तीन इलेक्ट्रॉनिक काटे ठेवले. टाक्या रिकाम्या, इंजिनात तेल भरलेलं, विमान पाणसळीत. डेटमपासून, म्हणजे सगळी अंतरं जिथून मोजतात त्या ठरलेल्या रेषेपासून, ओळंबा सोडला, फरशीवर खडूची रेघ मारली आणि तिथून प्रत्येक चाकाचं अंतर मोजलं. वजन भरलं ८५० पौंड. आधी बॅटरी फायरवॉलवर ठेवून आकडे घेतले, मग तीच उचलून ९० इंच मागे, सीटच्या पाठीमागच्या भागात ठेवली. बॅटरी १५ पौंडांची, पण पुढच्या चाकाच्या काट्यावरून २५ पौंड उतरले! १५ गुणिले ९० म्हणजे १३५० इंच-पौंड, आणि पुढच्या नि मुख्य चाकांत अंतर ५४ इंच. तेच १३५० भागिले ८५० केले की गुरुत्वमध्य १.६ इंच मागे सरकतो. मला तेवढंच हवं होतं.

लिथियम बॅटरी घेऊन दहा पौंड वाचव, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण मग शेपटीकडे शिसं बांधावं लागलं असतं, आणि शिशातून वीज मिळत नाही. माझ्या इंजिनाला मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र) नाही; इग्निशन बॅटरीवरच चालतं. अल्टरनेटर बंद पडला तर तीच बॅटरी मला धावपट्टीपर्यंत पोचवणार. त्यामुळे जड लेड-ॲसिड बॅटरीच ठेवली.

मागे बॅटरी म्हणजे लांब केबल. दोन नंबरची (अमेरिकन गेजची) तांब्याची केबल जाऊन-येऊन २० फूट धरली, तर नुसतं तांबंच चार पौंड, आणि स्टार्टरने २०० अँपिअर ओढले की साधारण ०.६ व्होल्ट वाटेतच जातात. हे वजनही तक्त्यात धरलं. मास्टर काँटॅक्टर, म्हणजे मुख्य स्विचने चालणारा जाड विद्युत स्विच, बॅटरीला लागूनच बसवला, म्हणजे मास्टर बंद केला की केबिनमधून जाणारी जाड तार मृत होते. इग्निशनची तार मात्र स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीवरून नेली. मास्टर बंद करावा लागला तरी इंजिन चालू राहायला हवं. बॅटरीच्या ट्रेला सर्वांत जास्त वेळ दिला. पाठीमागे १५ पौंड आहेत, आदळताना ते पुढे सुटता कामा नयेत.

मग दोन टोकं तपासली: एकटा पायलट, सामान नाही, आणि दोघे जण, सामानाची जागा भरलेली. दोन्हींत गुरुत्वमध्य मर्यादेत बसला. तपासनीसांनी वजनाचा तक्ता ओळीओळीने वाचला, ट्रे हाताने हलवून पाहिला आणि सही केली. प्रमाणित जोडी नसलेल्या इंजिन-प्रोपेलरला चाचणी उड्डाणाचे ४० तास लागतात, ते आता सुरू आहेत. रंग अजून दिलेला नाही. रंगाचं वजन शेपटीकडेही पडतं, तेव्हा तो दिल्यावर काटे पुन्हा मागवणार आहे.