तुम्ही विचारलंत म्हणून : रेवा आणि स्पर

माझी घोडी रेवा सहाव्या वर्षात आली तरी तिला रोज स्पर, म्हणजे स्वाराच्या बुटाच्या टाचेला बसवायची धातूची टोचणी, का लावत नाही, असे तबेल्यातले स्वार मला विचारतात. अधूनमधून मी ते लावतो हे ज्यांना कळते, ते घरचे लोक मुक्या जनावराला टोचवते तरी कसे, असे विचारतात. स्वारांना मी घोडीच्या वयाचे कारण सांगत आलो आणि घरच्यांना स्परच्या बोथट टोकाचे. दोन्ही कारणे खरी आहेत, पण दोन्हींच्या आड मी काही लपवले आहे.

आमचा तबेला ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या आत, येऊरच्या डोंगराच्या बाजूला आहे. रेवा चार वर्षांची असताना ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, फार जड चालायची. मी प्रत्येक पावलाला टाच मारत असे आणि ती ऐकत नाही म्हणून तिला आळशी म्हणत असे. उत्तर मिळताच पाय शांत ठेवायचा, हे मला शिकवलेले होते. पण तिने उत्तर दिले तरी माझी टाच थांबत नसे, म्हणून तिने उत्तर देणेच सोडले होते. हे तेव्हा उमगले नाही. मी गोल टोकाचे, जेमतेम दीड सेंटीमीटरचे स्पर आणले आणि पहिल्याच दिवशी ते लावून ट्रॉटला निघालो.

त्या सकाळी रिंगणाच्या उजव्या कुंपणापलीकडे कुणी टेम्पोतून पत्रे उतरवत होते. एक पत्रा खाली आदळला, तशी रेवा डावीकडे उसळली आणि मी उजवीकडे कललो. पडू नये म्हणून मी डावी टाच वर ओढून तिच्या पोटाला घट्ट धरली. ती पुढे सुटली, तेव्हा घाबरून मी दोन्ही हातांनी लगाम खेचला; पण टाच तशीच रुतलेली होती. पळ आणि थांब हे दोन्ही हुकूम मी तिला एकाच वेळी देत होतो. अर्धे रिंगण ती तशीच धावली आणि कोपऱ्यातल्या बांबूंवर छातीने आदळून थांबली.

मोतद्दार काका धावत आले. मी उतरून पत्र्यांवर चिडून बोलत होतो, तेव्हा ते तंगाच्या, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पोटपट्ट्याच्या, मागे हात फिरवत होते. रुपयाएवढ्या जागेवरचे केस घासले गेले होते आणि मधोमध रक्ताचा ठिपका होता. काका एवढेच म्हणाले, “दादा, पत्रा उजवीकडं वाजला. हे डावीकडं आहे.”

ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत घोड्याच्या अंगावर ताजे रक्त आढळले तर स्वार बाद होतो. मला कुणी बाद केले नाही. पुढे कित्येक महिने मी सगळ्यांना पत्र्यांचीच गोष्ट सांगितली. वास्तविक मेट्रोच्या कामाचा खडखडाट ऐकून ती आवाजाला सरावलेली होती. त्या दिवशी ती बिचकली, पण बिचकून जे पाऊलभरात संपले असते ते माझ्या टाचेने वाढवले. त्यानंतर तंग आवळताना ती कान मागे पाडू लागली आणि पाय लागताच श्वास रोखून पाठ खाली दाबू लागली. डॉक्टरांनी तपासले, खोगीरही पाहून घेतले. दोन्हींत दोष नव्हता.

सात महिने मी स्पर लावले नाहीत. त्यातल्या पावसाळ्यात, रिंगणात चिखल असताना, लाँजच्या दोरीवर, म्हणजे घोडीला गोल फिरवताना खालच्या माणसाने धरलेल्या लांब दोरीवर, रिकिबीविना बसून माझा पाय स्थिर करण्याचे धडे घेतले. खोगिरातून न उठता केलेल्या ट्रॉटमध्ये टाच आपोआप लागणार नाही, ही खात्री झाल्यावरच पुन्हा सुरुवात केली, आणि तीही फक्त संथ पावली चालताना, घोडीला बाजूला सरकवण्याच्या कामात. आधी पोटरीने विचारायचे, मग पायामागे चाबकाचा हलका स्पर्श, आणि तिला प्रश्न कळला आहे हे दिसल्यावरच स्पर, तोही त्या बाजूचा मागचा पाय उचलला जात असताना. एक पाऊल मिळाले की लगेच पाय सैल सोडायचा.

माझा जुना हट्ट मात्र पूर्ण मेलेला नाही. दहा बोथट लाथांपेक्षा एक नेमका स्पर्श बरा, असे मी तेव्हा म्हणत असे आणि आजही मला ते खोटे वाटत नाही. पण बसलेली माशी नुसते कातडे थरथरवून उडवणाऱ्या जनावराला लाथ तरी का लागावी, याचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते आणि आजही नाही.

मागच्या रविवारी तिने स्परच्या स्पर्शावर बाजूला सरकत पायावरून पाय टाकून चार पावले सुरेख घेतली. तिचा एक कान माझ्याकडे वळलेला होता आणि पाठ सैल होती. पाचव्या पावलाला तिने शेपूट झटकली. काका म्हणाले, माशी असेल. ऑक्टोबरात माश्या असतातच. मी तरीही उतरलो आणि स्पर काढून खुंटीला टांगले. येत्या रविवारी ते लावायचे की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. आधी वीस मिनिटे लांब लगामावर चालून तिची पाठ कशी हलते ते पाहीन.