खिरोकितिया: पायाखाली पूर्वज, वर संसार

सायप्रसमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, ब्रिटिश अमलाची कृपा. त्यामुळे लार्नाकाहून भाड्याची गाडी घेऊन निघताना दडपण नव्हतं. लिमासोलच्या दिशेने साधारण अर्धा तास गेलं की महामार्गावरूनच एका टेकडीच्या उतारावर दगडी वर्तुळं दिसू लागतात. मारोनी नदीच्या वळणावर वसलेलं हे खिरोकितिया, अश्मयुगाच्या अखेरच्या टप्प्यातलं गाव. गाव वसलं इसवी सनापूर्वी सातव्या सहस्रकात. शेती होती, गुरं पाळणं होतं, पण भाजलेल्या मातीची भांडी वापरात नव्हती. वाडगे, ताटल्या, सगळं दगडात कोरलेलं.

तिकीटखिडकीजवळ पाच गोल घरं नव्याने बांधून दाखवली आहेत. खाली दगड, वर कच्च्या विटा आणि माती. आत वाकून शिरलं की एकदम गारवा. चूल, बसायला ओटा, भिंतीत छोटीशी खिडकी. छप्पर सपाट: लाकडं, त्यावर बोरू, त्यावर माती. चक्क धाबं! पूर्वी अभ्यासकांना ही घरं घुमटाकार वाटत होती. कोसळलेल्या सपाट छपराचे अवशेष सापडले आणि ते चित्र बदललं.

अशी बदललेली चित्रं इथे बरीच. पुरातत्त्वज्ञ पोर्फिरिओस दिकायोस यांनी १९३४ मध्ये ही जागा शोधली आणि पुढे १९४६ पर्यंत खोदकाम केलं. वस्तीतून लांबवर जाणारं एक दगडी बांधकाम त्यांना गावचा मुख्य रस्ता वाटलं. १९७७ पासून अलँ ल ब्रँ यांच्या फ्रेंच पथकाने काम हाती घेतलं, तेव्हा कळलं की तो रस्ता नसून तटबंदी आहे. गाव वाढत तटाबाहेर गेलं, म्हणून नंतर दुसरा तटही बांधावा लागला. आत यायला जाड बांधकामातून वळत चढणारा दगडी जिना होता. तो पाहिल्यावर मला त्या लोकांच्या शेतीपेक्षाही त्यांच्या एकीचं जास्त नवल वाटलं. राजवाडा नाही, देऊळ म्हणावं अशी इमारत नाही, सरदाराचं म्हणून वेगळं मोठं घर नाही. तरी हजारो दगड वाहून एवढा तट उभा केला. कोणी कोणाला कामाला जुंपलं असेल?

लाकडी पायऱ्यांची वाट चांगलीच दमवते. डोक्यावर भूमध्य समुद्राकडचं रणरणतं ऊन, सावली जवळजवळ नाहीच, आणि खालून महामार्गाची अखंड घरघर. वरून पाहताना वर्तुळं नुसती एकमेकांना चिकटलेली वाटतात. पण फलक वाचत हळूहळू चाललं की उलगडत जातं: एक वर्तुळ म्हणजे एक घर नव्हे. मध्ये छोटं अंगण, तिथे दळायची सोय, आणि भोवती तीन-चार गोल खोल्या, असा मिळून एका कुटुंबाचा संसार. काही खोल्यांत दोन अवाढव्य खांब आहेत, बहुधा माळा पेलायला. त्यांनी इतकी जागा खाल्ली आहे की माणसं वावरत कुठे होती असा प्रश्न पडतो.

आणि मेलेली माणसंही घरातच. जमिनीत खड्डा करून, पाय पोटाशी घेतलेल्या अवस्थेत पुरायचं, वरून जमीन सारवून घ्यायची आणि पुन्हा तिथेच राहायचं. बायकांच्या काही दफनांत कार्नेलियन या तांबूस दगडाचे मणी आणि नळीसारख्या शिंपल्यांच्या माळा मिळाल्या. दगडी वाडगे मुद्दाम फोडून ठेवलेले. काही प्रेतांवर जड दगड, अगदी पाटेसुद्धा. मला लगेच पुण्याजवळच्या इनामगावची उत्खननात सापडलेली प्राचीन वस्ती आठवली. काळ कितीतरी अलीकडचा, पण तिथेही घराच्या जमिनीखाली दफनं, आणि प्रौढ माणसांची पावलं घोट्यापासून तोडलेली. मृताने उठून फिरू नये, हा त्यामागचा हेतू असावा असा एक तर्क आहे. दगड ठेवणाऱ्यांनाही तीच भीती होती का? की आपलं माणूस जवळच राहावं अशी ओढ? मला तरी दुसरं जास्त पटतं. भीती असती तर गावाबाहेर नेऊन पुरलं असतं.

एक गोष्ट फलकावर फार चटकन उरकली आहे, ती मला सगळ्यात मोठी वाटते. मेंढ्या, शेळ्या, डुकरं आणि हरणंसुद्धा या बेटावर मूळची नव्हती. माणसांनीच ती समुद्रापलीकडून आणली. पाय बांधलेलं हरीण होडीत घालून, लाटांवर! मग सहाव्या सहस्रकात गाव ओस पडलं. कारणावर एकमत नाही.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, पाणी आणि टोपी घ्या. दगडी वाडगे आणि दगडात कोरलेल्या मानवाकृती मात्र इथे दिसणार नाहीत, त्यासाठी निकोसियाचं सायप्रस संग्रहालय गाठावं लागेल. वेळ उरला तर कालावासोस गावाजवळची तेंता ही अशीच प्राचीन वस्ती पाहा. तिथलं उत्खनन उंच शंकूच्या आकाराच्या छपराखाली आहे, म्हणजे निदान उन्हातून सुटका.