जुन्या पत्त्यावरचे मेल

"मॅडम, पाटीलसाहेबांचा तो पत्ता बंद झाला का हो?"

रबाळ्याहून फोन होता. एमआयडीसीत तीन लेथ टाकून जॉबवर्क करणारे काका. गेली नऊ वर्षं आमच्या पर्चेसला ते एकाच पत्त्यावर बिलं पाठवतात. या वेळी त्यांनी बिल पाठवलं, दोन मिनिटांत इंग्रजीत काहीतरी परत आलं आणि त्यांना वाटलं, ही पोच असेल. महिना उलटला तरी पैशांचा पत्ता नाही, तेव्हा त्यांनी गेटवर फोन केला आणि गेटवरून तो माझ्याकडे आला. परत आलेल्या मेलमध्ये ५५० आणि ५.१.१ हे आकडे होते. म्हणजे असा माणूस इथे नाही. साहेब मात्र तिसऱ्या मजल्यावर रोजच्याच खुर्चीत बसले होते.

मी महापेला एका उद्योगसमूहात मेलचं काम बघते. गेल्या वर्षी १ फेब्रुवारीला आमचा व्हॉल्व्हचा विभाग दुसऱ्या कंपनीने विकत घेतला. ३४० माणसं एका रात्रीत दुसऱ्यांची झाली. बसायची जागा तीच, कँटीन तेच, घणसोली स्टेशनवरून शेअर रिक्षाही तीच. बदललं फक्त ॲटच्या पुढचं नाव.

बाहेरच्याला वाटतं, यात काय एवढं, मेल नव्या पत्त्यावर वळवले की झालं. पण डोमेन, म्हणजे ॲटच्या पुढचं जुनं नाव, आमच्याकडेच राहणार होतं, कारण बाकीचे हजारभर लोक त्याच डोमेनवर आहेत. डीएनएस ही इंटरनेटवरच्या नावांची यादी, आणि तिथली एमएक्स नोंद, म्हणजे मेल कोणत्या सर्व्हरवर न्यायचा ते सांगणारी ओळ, अख्ख्या डोमेनची असते, माणसागणिक नसते. त्यामुळे जगातून येणारा प्रत्येक मेल आधी आमच्या गेटवेवर, म्हणजे मेलच्या प्रवेशदारावरच्या सर्व्हरवर, येणार आणि तिथे आम्ही एकेक पत्ता बघून ठरवणार, हा इथला, हा पलीकडचा. ३४० नोंदींची यादी एचआरकडून एक्सेलमध्ये आली. नव्या कंपनीत पत्ते पूर्ण नावाने, आमच्याकडे आद्याक्षरांनी. एकाच आद्याक्षराचे पाटील तीन. जुळवताना दोघांच्या ओळी एकात एक गेल्या आणि तिसऱ्यांचा मेलबॉक्स काढला गेला, पण मेल पुढे पाठवायची नोंद झालीच नाही. ते तिसरे म्हणजे काकांचे साहेब. चूक आमच्या टीमची होती. मी त्या दिवशी ती यादी नव्याने, एम्प्लॉयी कोडवरून जुळवली. नावावरून कधीच जुळवू नये.

काकांना मी बिल पुन्हा पाठवायला सांगितलं आणि ते पर्चेसच्या हातात पडेपर्यंत फोन ठेवला नाही. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. पण बिल पोचलंच नाही तर ते कोणाच्या टेबलावर अडलं आहे हे कोणाला दिसतही नाही. हे मला फार लागलं.

मेल पोचवण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले, आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या नियमपत्रात. माणूस जागा बदलणार हे त्यात तेव्हाच धरलेलं आहे. २५१ म्हणजे हा माणूस इथला नाही, पण मी मेल पुढे पाठवतो. ५५१ म्हणजे हा इथला नाही, तुम्ही अमुक पत्त्यावर पाठवून बघा. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी इतक्या सभ्यपणे विचार करून ठेवला आहे, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. पण ५५१ ने नवा पत्ता कोणालाही, स्पॅमवाल्यालाही, कळतो, आणि पाठवणाऱ्याचं ॲड्रेस बुक त्यावरून आपोआप बदलत नाही. म्हणून प्रत्यक्षात पुढे पाठवणं एवढंच हातात उरतं.

आणि पुढे पाठवण्यातच सगळ्यात मोठा घोळ झाला.

तिसऱ्या आठवड्यात असेंब्लीतला एक मुलगा आला. गृहकर्जाचं सँक्शन लेटर मेलने पाठवलंय असं बँक म्हणते, याला काही आलेलं नाही. आमच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, मेल आलेला दिसत होता, पुढे पाठवलेलाही दिसत होता, आणि पलीकडच्या सर्व्हरने तो नाकारलेला दिसत होता. बाउन्स, म्हणजे मेल पोचला नाही हा निरोप, गेला बँकेच्या नो-रिप्लाय पत्त्यावर, जो कोणी वाचत नाही. म्हणजे पाठवणाऱ्याला कळलं नाही, घेणाऱ्यालाही नाही.

कारण शोधायला दोन दिवस गेले. बँक एसपीएफ नावाच्या जाहीर यादीत सांगते की बँकेच्या नावाचे मेल फक्त या या सर्व्हरवरून निघतील. आम्ही तो मेल पुढे ढकलला की तो आमच्या आयपीवरून, म्हणजे आमच्या सर्व्हरच्या नेटवरच्या क्रमांकावरून, जातो, आणि आमचा आयपी बँकेच्या यादीत असण्याचं कारणच नाही. त्यामुळे एसपीएफ नापास. ठीक आहे, त्यासाठी दुसरा आधार असतो, डीकिम. मेलच्या मजकुरावरची ती डिजिटल सही कितीही सर्व्हर ओलांडले तरी टिकते, मजकुराला कोणी हात लावला नाही तर. आमचा गेटवे हात लावत होता. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मेलच्या डोक्यावर "हा मेल कंपनीबाहेरून आला आहे, लिंक जपून उघडा" अशी पिवळी पट्टी आम्हीच तीन वर्षांपूर्वी लावली होती. पट्टी लागली की सही मोडली. दोन्ही आधार गेले, आणि दोन्ही गेले तर काय करायचं ते सांगणाऱ्या बँकेच्या डीमार्क नोंदीत स्पष्ट लिहिलेलं होतं, असा मेल नाकारा. पलीकडचा सर्व्हर नियमानेच वागत होता.

त्या ३४० पत्त्यांसाठी पट्टी काढली. ती हवी तर ज्या कंपनीत माणूस शेवटी मेल उघडतो तिने लावावी. पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता एसआरएस नावाच्या पद्धतीने आमच्या नावाने लिहायला सुरुवात केली, म्हणजे बाउन्स आधी आमच्याकडे येतो आणि आम्हाला कळतं. डीमार्कला त्याचा उपयोग नाही, तिथे सही शाबूत राहणं हेच खरं. पलीकडचा मेल ॲडमिन पुण्यात बसतो. त्याने आमचा गेटवे विश्वासू म्हणून नोंदवला. तो मुलगा आणि मी, दोघांनी मिळून बँकेच्या शाखेत फोन करून पत्र पुन्हा मागवलं. आलं.

आतल्या लोकांचं दुखणं वेगळं. जे आमच्याकडे राहिले ते जुन्या सहकाऱ्याला मेल लिहिताना दोन अक्षरं टाइप करतात, आउटलुक नाव पुढे करतो, आणि मेल परत येतो. आउटलुकने लक्षात ठेवलेला असतो तो ईमेलचा पत्ता नव्हेच, एक्स्चेंज या आमच्या मेल सर्व्हरमधली त्या मेलबॉक्सची आतली ओळख असते. मेलबॉक्स गेला की ती ओळख हवेत. नव्या पत्त्याचा कॉन्टॅक्ट करून त्याला ती जुनी ओळख एक्स५०० पत्ता म्हणून, म्हणजे एक्स्चेंजला कळणारा आतला पत्ता म्हणून, चिकटवली की प्रश्न सुटतो. मेलबॉक्स पुसण्याआधी ती ओळख लिहून ठेवायला हवी, एवढंच.

एक बाई दोन महिन्यांत आमच्याकडे परत आल्या. आम्ही त्यांचे मेल तिकडे पाठवत होतो, तिकडून ते इकडे येत होते. गोल गोल फिरून शेवटी सर्व्हरनेच ते तोडले. एक नोंद काढली, संपलं.

खरा वाद झाला तो मुदतीवर. करारात ९० दिवस लिहिले होते. मी माझ्या साहेबांना म्हटलं, नव्वद दिवस हे आपल्या सोयीचे आहेत. पत्ता ज्याच्या नावाचा आहे त्याला तो बदलल्याचं पहिल्या दिवशी कळतं. पाठवणाऱ्याला कळतं ते तो पुढचा मेल लिहील तेव्हा, आणि काही लोक वर्षातून एकदाच लिहितात. विम्याचं नूतनीकरण, गेजच्या कॅलिब्रेशनची आठवण, एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, कोटेशन. फेब्रुवारीत बदललेला पत्ता डिसेंबरच्या मेलला मे महिन्यात बंद करून कसं चालेल? एक पूर्ण वर्ष आणि वर एक महिना, तेरा महिने तरी हवेत. लीगलच्या मॅडम आधी नको म्हणत होत्या. दुसऱ्या कंपनीचा पत्रव्यवहार आपल्या गेटवेतून का जाऊ द्यायचा? त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून ठरलं की मेल नुसता पुढे जाईल, त्याची प्रत आमच्याकडे राहणार नाही, लॉगमध्ये फक्त कोणाकडून कोणाला आणि किती वाजता. तेरा महिन्यांवर सही झाली.

त्या लॉगमधूनच मी एक गोष्ट सुरू केली. दर सोमवारी प्रत्येकाला त्याची त्याची यादी जाते: गेल्या आठवड्यात जुन्या पत्त्यावर तुम्हाला यांनी यांनी लिहिलं, त्यांना नवा पत्ता कळवा. आपोआप उत्तर मी मुद्दाम लावलं नाही, कारण ते स्पॅमवाल्यालाही जातं आणि माणसं ते वाचतही नाहीत. ओळखीच्या माणसाने स्वतः लिहिलेल्या दोन ओळी वाचतात. पहिल्या सोमवारी एकट्या पर्चेसच्या यादीत २१२ पाठवणारे होते. मे महिन्याअखेर ६४. पाटीलसाहेबांनी तर यादीची प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि रोज एकेकाला फोन करून नाव खोडलं.

डिसेंबरात त्या यादीत एक कधीच न दिसलेलं नाव आलं. स्टोअर्सच्या एका काकूंना त्यांच्या मुलाच्या पॉलिसीच्या हप्त्याची सूचना आली होती, ऑफिसच्या पत्त्यावर, वर्षातून एकदाच येणारी. त्या खाली येऊन माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. "अगं, हे तर मी विसरूनच गेले होते." आम्ही दोघींनी तिथेच बसून विमा कंपनीच्या साइटवर पत्ता बदलला, घरचा दिला. तेव्हापासून सोमवारच्या मेलखाली मी एक ओळ वाढवली आहे: पीएफ, बँक, विमा, इन्कम टॅक्स, जिथे जिथे ऑफिसचा पत्ता दिला असेल तिथे आपला खाजगी पत्ता द्या.

मुदत २८ फेब्रुवारीला संपते. कालच्या यादीत सगळे मिळून सात पाठवणारे उरलेत. तिघांना पाटीलसाहेबांनी कळवलंय. उरलेल्या चौघांचे नंबर मी पर्चेसकडून घेतले आहेत, उद्या जेवणाच्या सुट्टीआधी त्यांना फोन करणार आहे.