नानजिंगमधलं एक फाटक

शांघायहून नानजिंगला बुलेट ट्रेनने दीडेक तास लागतो. मिंग राजांची तटबंदी पाहिली, सन यत-सेन यांच्या समाधीच्या पायऱ्या चढलो, दोन्ही छानच. पण लिहायला बसलो ते निंगहाय रस्त्यावरच्या एका कॉलेजसाठी.

आज तिथे नानजिंग नॉर्मल विद्यापीठ आहे, पूर्वी मुलींचं जिनलिंग कॉलेज होतं. मिनी व्हॉट्रिन तिथे शिक्षणशास्त्र शिकवायच्या. इलिनॉयमधल्या लोहाराची ही मुलगी १९१२ साली चीनमध्ये आली. १९३७ च्या डिसेंबरात जपानी सैन्य शहराच्या वेशीवर आलं, तेव्हा अमेरिकी वकिलातीने आपल्या लोकांना निघायला सांगितलं. बाई गेल्या नाहीत. आसऱ्याला येणाऱ्या पावणेतीन हजार बायका-मुलांची कॉलेजमध्ये सोय होईल असा त्यांचा अंदाज होता. १३ डिसेंबरला शहर पडलं आणि आतली संख्या दहा हजारांवर गेली. वर्ग, जिने, माळे भरले. इमारतींना जोडणाऱ्या, दोन्ही बाजूंनी उघड्या व्हरांड्यातसुद्धा बायका झोपत.

त्या व्हरांड्यात मी बराच वेळ उभा होतो. वर रंगवलेल्या तुळया, खाली थंडगार फरशी. स्वेटर-जाकीट घालूनही मला हुडहुडी भरली होती. इथे पोरं कुशीत घेऊन बायकांनी डिसेंबरच्या रात्री काढल्या.

१७ डिसेंबरच्या रात्री सैनिकांनी बाईंना फाटकापाशी अडवून ठेवलं, थोबाडीत मारली. तेवढ्यात दुसऱ्यांनी बाजूच्या दाराने बारा जणींना ओढून नेलं. हे त्यांनी स्वतःच डायरीत लिहून ठेवलंय. पुढे त्याच आवारात त्यांनी निराधार बायकांसाठी शिवणकाम, विणकामाचे वर्ग काढले, बेपत्ता नवऱ्यांच्या आणि मुलांच्या सुटकेसाठी अर्ज लिहून घेतले. १९४० मध्ये मन पार कोलमडलं, तेव्हा त्यांना अमेरिकेला नेण्यात आलं. पुढच्याच वर्षी, १४ मे रोजी, त्यांनी आत्महत्या केली. आपण कमी पडलो, असंच त्यांना अखेरपर्यंत वाटत राहिलं. हे वाचलं की जीव तुटतो. दहा हजारांना आसरा देणारी बाई कमी कशी पडेल?

आवारात त्यांचा पुतळा आहे. मी गेलो तेव्हा गिंकोची पानं पिवळीधमक झाली होती आणि फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी! पुतळ्यापाशी मात्र कुणी थांबत नव्हतं. आमच्या गाईडनेही ‘इथे विशेष काही नाही’ म्हणून घाई केली, त्याचा मला मनापासून राग आला. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव ऐकत वाढलेल्या माणसाला तरी परक्या मुलखातल्या माणसांसाठी झिजणाऱ्यांची किंमत कुणी शिकवायला नको.

त्या वेळच्या हत्याकांडाचं जियांगदोंगमेनचं मोठं स्मारक सगळे टूरवाले दाखवतात आणि ते पाहायलाच हवं. या कॉलेजसाठी मात्र बुकिंग करतानाच हटून बसा, अर्धा दिवस मागून घ्या. जमत नसेल तर सरळ टॅक्सी करून एकटे जा.