मुगाबे गेले, आता गावाकडं कधी?

मंगळवारी, २१ नोव्हेंबर २०१७ ला झिम्बाब्वेचे अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांनी राजीनामा दिला आणि इथं दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या हिलब्रो भागात, झिम्बाब्वेची माणसं रस्त्यावर उतरली. भोंगे, झेंडे, नाच, रडारड, सगळं एकदमच. १९८० ला देश स्वतंत्र झाला तेव्हापासून सत्ता या एकाच माणसाकडं. इथं पोटासाठी आलेल्या तरुण पोरांनी दुसरा राज्यकर्ता पाहिलेलाच नाही.

सदतीस वर्षं झाली. आपला निजाम, मीर उस्मान अली, १९११ ला गादीवर बसला आणि १७ सप्टेंबर १९४८ ला शरण आला. तीही सदतीसच. माझी आजी भूम तालुक्यातली. रझाकारीत घराला कुलूप घालून सगळे रातोरात बैलगाडीनं बार्शीला गेले, कारण बार्शी मुंबई इलाख्यात. नातलगांच्या पडवीत दिवस काढताना बायकांच्या तोंडी एकच विषय असायचा, राज्य बदललं की गावाकडं जायचं. या आठवड्यात आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या झिम्बाब्वेच्या बायका तेच बोलतायत.

त्यातली एक हरारेजवळच्या शाळेत गणित शिकवायची. इथं धुणीभांडी करते. २००८ मध्ये तिथं महागाई अशी भडकली, की महिन्याचा पगार हातात येईपर्यंत त्याची किंमत उरत नव्हती. २००९ च्या जानेवारीत शंभर लाख कोटी डॉलरची नोट निघाली, आणि त्याच वर्षी देशानं स्वतःचं चलनच सोडून दिलं. २०१७ मध्येही तिकडं रोख पैशासाठी बँकांसमोर रांगा लागत होत्या. तिची दोन लेकरं आजीपाशी असतात. दर महिन्याला ती मक्याचं पीठ, तेल, साखर, साबण असा बाजार भरून 'ओमालायिचा'कडं देते. हे गाडीवाले बाइटब्रिजची सरहद्द ओलांडून सामान थेट दारात पोचवतात. बुधवारी सकाळी ती मला म्हणाली, "जानेवारीत शाळा उघडली की लेकरांना मीच सोडायला जाणार." आणि दुपारी माझ्या स्वयंपाकघरात बसून तिनं इथल्या नव्या परवान्याचा अर्ज भरायला घेतला. झिम्बाब्वेच्या लोकांना दिलेल्या खास परवान्याची मुदत ३१ डिसेंबर २०१७ ला संपत होती. मला तिचं पटलं. आशा धरावी, पण कागदपत्रं हातची जाऊ देऊ नयेत.

आमचा राखणदार झिम्बाब्वेतल्या बुलावायोकडचा, एन्डेबेले जमातीचा. तो नाचायला गेला नाही. १९८३ पासूनच्या काही वर्षांत मुगाबेंच्या लष्करातल्या पाचव्या ब्रिगेडनं मातबेलेलँडमध्ये, म्हणजे या एन्डेबेले लोकांच्या भागात, हजारो निरपराध माणसं मारली. तेव्हा राज्य सुरक्षा खात्याचे मंत्री होते इमर्सन म्नांगाग्वा. शुक्रवारी अध्यक्षपदाची शपथ घेतली तीही त्यांनीच. मी राखणदाराला विचारलं, तुम्ही गावी कधी जाणार? तो म्हणाला, "आमची माणसं कुठं पुरली ते आधी सांगू द्या."

हे ऐकलं आणि मला आपलाच सप्टेंबर आठवला. १७ तारखेला आपण झेंडावंदन करतो, हुतात्म्यांना आठवतो, आणि ते केलंच पाहिजे. पण त्याच दिवसांत उस्मानाबाद, नांदेडकडं रझाकारांशी काडीचा संबंध नसलेल्या मुसलमान कुटुंबांवरही सूड उगवला गेला. भारत सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं तो नोंदवला, आणि अहवाल कैक वर्षं लोकांसमोर आला नाही. आजी बार्शीहून हौसेनं परतली, तर शेजारचं घर ओस. तिथल्या मैत्रिणीचं पुढं काय झालं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मुक्तीचं सांगताना आजी हेही सांगायचीच, गाळायची नाही.

म्हणून मला वाटतं, हरारेच्या नव्या सरकारनं परदेशी गुंतवणूकदारांना बोलवण्याआधी मातबेलेलँडच्या लोकांसमोर बसावं. माणूस बदलला, पण पक्ष तोच, लष्कर तेच. इथली कुटुंबं हे आपल्यापेक्षा चांगलं ओळखून आहेत.

गणिताच्या बाई नाताळात एकट्याच जाऊन येणार आहेत. शिक्षकांना पगार रोखीत मिळतोय का, दवाखान्यात औषधं आहेत का, हे स्वतः बघणार आणि मगच ठरवणार. तोवर इथली खोली सोडत नाही, असं त्यांनी घरमालकाला सांगून ठेवलंय.