डोमेन घेताय? कुणाच्या नावावर ते आधी बघा

लातुरात राहून छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट बनवायचं काम करतो मी. लोकं विचारतात, डॉट कॉम घेऊ का डॉट इन, नावात शहर टाकू का, नाव लांब झालं तर चालतंय का, आणि ह्याच्यावर तास तास चर्चा चालते. ठीकए, नाव महत्त्वाचं आहेच, त्यावर पण लिहितो. पण ते डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्यायचं कुणाच्या नावावर हे कुणीच विचारत नाही, आणि नंतर माझ्याकडं जी रडारड येते ना, ती बरीचशी ह्याच्यामुळंच असते.

सध्या माझ्या औशाच्या मावशीचं काम चालू आहे म्हणून सगळं डोक्यात ताजं आहे. मावशी घरूनच काळं तिखट, येसर, जवसाची चटणी असलं विकते, ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर, आणि गिऱ्हाईक म्हणजे पुण्यात शिकायला नाहीतर नोकरीला गेलेली आपलीच पोरं. आता त्या पोरांचे रूममेट पण मागायलेत, त्यांना लिंक पाहिजे. मावशी म्हणली, "काय करायलास ते कर बाबा, पण नाव माझ्या तिखटाचं असू दे."

इथंच पहिला घोळ. काळं तिखट रोमनमधे लिहा बरं. काळंला के-ए-एल-ए का मधे डबल ए? ळ ला तिकडं अक्षरच नाही. तिखटला टी-आय का टी-एच-आय, शेवटी टी का टी-एच? वरून ह्यातलं सरळ स्पेलिंग घेतलं तर बाहेरचा माणूस पहिला शब्द 'कला' असाच वाचतो, त्याला वाटायचं चित्रकलेचा क्लास आहे. मी एक गोष्ट सगळ्यांना करायला लावतो, ती म्हणजे नाव फोनवर एकदाच सांगायचं, स्पेलिंग सांगायची नाही, आणि समोरच्याला टाइप करून पाठव म्हणायचं. नात्यातल्या, ओळखीच्या, जरा वेगवेगळ्या वयाच्या माणसांना. काळं तिखटाचं काय झालं तर जितकी माणसं तितकी स्पेलिंगं. येसर मात्र बऱ्यापैकी सगळ्यांनी एकसारखं लिहिलं. काहीजण येसूर म्हणतात तो भाग वेगळा. मग मावशीचं घरातलं हाक मारायचं छोटं नाव आणि पुढं येसर असं जोडून टाकलं. काय ते इथं सांगत नाही, उगं जाहिरात केल्यासारखं वाटंल.

मधे आडवी रेघ घेऊ नका. नियमात बसते, फक्त सुरुवातीला आणि शेवटी चालत नाही, पण फोनवर "मधी डॅश आहे बरं का" हे सांगून सांगून तोंड दुखतंय आणि तरी माणूस डॅश विसरतो. आकड्यांचं तेच, समोरच्याला कळत नाही की आकडा टाकायचा का अक्षरात लिहायचं. नियमानं एका नावात 63 अक्षरं बसतात म्हणून कुणी अख्खी 'श्री अमुक तमुक गृहउद्योग अँड सन्स' घुसवतात, ते पाकिटावर छापायला पण जागा पुरत नाही.

शहराचं नाव टाकायचं का? आपल्या मराठवाड्यात ह्याचं उत्तर 2023 नं देऊन टाकलंय. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, आणि ज्यांच्या डोमेनमधेच जुनं नाव होतं त्यांची पंचाईत झाली. डोमेन एडिट होत नाही हो. दुकानाची पाटी रंगवून घेता येते, डोमेन नवंच घ्यावं लागतं, जुनं पण चालू ठेवून नव्याकडं वळवावं लागतं आणि दोन्हीचे पैसे दरवर्षी भरायचे. जुनं सोडून देऊन पण चालत नाही, कारण लोकं अजून जुन्या नावानं पण शोधतात. आणि छत्रपती संभाजीनगर अख्खं रोमनमधे लिहून पुढं दुकानाचं नाव जोडायचं म्हणलं तर विचारूच नका. लातूरला तसलं काही व्हायचं नाही म्हणा, पण मावशीला उद्या पुण्यातच दुकान टाकायचं झालं तर? म्हणून मी सहसा शहर टाळतो. अपवाद एकच, मालच गावाच्या नावानं ओळखला जातो तिथं, म्हणजे पैठणी किंवा जालन्याची मोसंबी. तिथं गावाचं नाव कामाचं आहे.

डॉट कॉम का डॉट इन ह्याच्यावर माझं मत सोपं आहे. गिऱ्हाईक भारतातलं असंल तर डॉट इन पुष्कळ झालं, निक्सी नावाच्या आपल्या भारतातल्या संस्थेकडं त्याचा कारभार आहे, 2005 पासून ते सगळ्यांना खुलं आहे. पण लोकांच्या बोटाला डॉट कॉमची सवय आहे, त्यामुळं परवडत असंल तर दोन्ही घ्या आणि एक दुसऱ्याकडं वळवा. डॉट कॉम दुसऱ्याच मसालेवाल्याकडं असंल तर ते नावच सोडा, तुमची जाहिरात त्याला फुकट जाते. देवनागरीत डॉट भारत पण मिळतंय, 2014 पासून, दिसायला लई भारी दिसतंय, मराठीत पूर्ण नाव! पण त्याच्यावर ईमेल बनवला तर बऱ्याच ठिकाणी फॉर्म तो पत्ता घेतच नाही, आणि काही ठिकाणी लिंक पेस्ट केली की एक्सएन पासून सुरू होणारी कसलीतरी अक्षरांची गिचमिड दिसते. शोकेसला ठेवा, मुख्य म्हणून नको.

एक काम पैसे भरायच्या आधी करा. सरकारच्या ट्रेडमार्क साइटवर नाव फुकटात शोधता येतं, मसाले क्लास 30 मधे येतात. डोमेन रिकामं आहे म्हणजे नाव तुमचं झालं असं नसतंय.

आता मुद्द्याचं. डोमेन म्हणजे सातबारा आहे. शेत कसतो कोण ह्याला अर्थ नाही, उताऱ्यावर नाव कुणाचं ते बघतात. उदगीरकडचा माझा एक गिऱ्हाईक, चांगला चालता धंदा, वेबसाइट बनवणाऱ्यानं डोमेन स्वतःच्याच ईमेलवर, स्वतःच्याच नावानं घेतलेलं. पुढं त्याचा नंबर बंद. पैसे ह्यानं दिलेले, पण पावती पण त्या माणसाच्याच नावाची. नोंदीत मालक म्हणून तोच दिसतो, मग रजिस्ट्रार, म्हणजे जिच्याकडून डोमेन घेतलं ती कंपनी, ह्याला कशाला दाद देईल? डॉट इनच्या भांडणासाठी आयएनडीआरपी नावाची सोय आहे, पण तिथं नावावरचा तुमचा हक्क दाखवावा लागतो आणि समोरच्याचा हेतू वाईट होता हे पण दाखवावं लागतं, त्याच्यासाठी वकील, फी, वेळ. शेवटी माझ्या गिऱ्हाइकानं कंटाळून नवीन नाव घेतलं, छापलेली पाकिटं मात्र घरात पडून राहिली.

त्यामुळं मावशीच्या वेळेस पहिलं काम काय केलं तर तिचा वेगळा ईमेल काढला, माझा नाही, दादाच्या ऑफिसचा तर अजिबात नाही, कारण नोकरी सुटली की तो ईमेल पण जातो. खातं तिच्या नावानं, मोबाइल तिचा, ओटीपी तिच्याकडं. नाव आधारवर जसं आहे तसंच टाकलं, कारण डॉट इनला केवायसी मागतात. डॉट कॉम घेतलं की ईमेलवर एक लिंक येते, ती 15 दिवसांत दाबली नाही तर डोमेन बंद पाडतात, आणि हे मेल नेमके स्पॅममधे जाऊन बसतात. कामापुरता लागंल तेवढा ॲक्सेस मावशी मला देते, बास.

पैशाचं पण बघा. पहिल्या वर्षाचा भाव जाहिरातीतला असतो, शे-दोनशे, खरा भाव रिन्युअलचा, तो हजाराच्या पुढं जाऊ शकतो आणि वर 18 टक्के जीएसटी. कार्टमधे आपोआप टिक केलेल्या गोष्टी काढून टाका. एसएसएल, म्हणजे वेबसाइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट, तर लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेचं फुकट मिळतंय, त्याला कशाला पैसे. आणि ऑटो रिन्यूवर भरवसा ठेवू नका, 2021 च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले, तेव्हापासून कार्डावरून आपोआप पैसे कापायला बरेचदा अडतंय. डॉट कॉमची मुदत संपली की थोडे दिवस नेहमीच्या भावात परत मिळतं, ते किती दिवस हे कंपनीवर आहे. ते पण गेलं की 30 दिवसांचा रिडेम्प्शनचा, म्हणजे नाव सोडवून घ्यायचा काळ, त्यात भलामोठा दंड, आणि पुढं 5 दिवसांनी नाव बाजारात मोकळं. चालतं नाव उचलायला लोकं टपलेलेच असतात. एकदम 10 वर्षांपर्यंत भरता येतं, मावशीचं 5 वर्षांचं भरून टाकलं.

दुसऱ्या कंपनीकडं न्यायचं असंल तर ट्रान्सफर कोड मागायचा, तो देणं त्यांना भाग आहे, फक्त डॉट कॉम नवीन घेतल्यावर पहिले 60 दिवस हलवता येत नाही. आणि दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीकडून "तुमचं डोमेन संपतंय, लगेच भरा" असे मेल येतील, ते सोडून द्या, भरायचं ते स्वतःच्या खात्यात लॉगिन करूनच.

डोमेन घेतल्यापासून मावशीला "मॅडम, वेबसाइट बनवायची का" असे फोन सुरू झालेत. मी म्हणलं ब्लॉक कर. ती म्हणते काहून, आणि त्या फोन करणाऱ्या पोरांनाच येसरचे भाव सांगत बसते.