दोन मिलिमीटरचा सोंडकिडा

भिंगाखाली पहिल्यांदा धरला तेव्हा तो मेल्याचं सोंग घेऊन पडला होता. काळपट, टणक, पुढे वाकडी सोंड. साल्व्हिनिया या पाण्यावर तरंगणाऱ्या तणाने भरलेलं आख्खं तळं एवढासा जीव काय साफ करणार, असं मनात आलंच. पण साल्व्हिनियाचं एक रोप उलटं केलं आणि उत्तर मिळालं. प्रौढ किडा कोवळे कोंब कुरतडतो. खरं नुकसान करते ती अळी, कारण ती खोडच आतून पोखरते. पानं तपकिरी पडतात, रोप सडून तळाशी बसतं.

हे नेचं मूळचं ब्राझीलचं. त्याला बी धरत नाही, नुसत्या तुकड्यांवर वाढतं, म्हणून काढून काढून माणूस थकतो. ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात 1980 मध्ये हा किडा सोडला, तेव्हा त्याला दुसरीच जात समजत होते! नवी जात म्हणून नाव मिळालं 1985 मध्ये, काम फत्ते झाल्यावर.

एक गंमत: पाण्यात नायट्रोजन कमी असला की किड्यांची संख्या वाढत नाही. पापुआ न्यू गिनीत त्यासाठी तणालाच चक्क युरिया घातला होता.

माझ्या टबातली पानं आता तपकिरी पडायला लागलीत.